सात नंबरच्या कपाटातलं पुस्तक

१४ जुलै १९५९, मंगळवार

नववी 'ब'च्या मुलींचा वाचनाचा तास. ग्रंथालयातून आवडेल ते पुस्तक घ्यायचं आणि त्यातलं एक पान वर्गापुढे वाचायचं, हे मीच ठरवलेलं. बहुतेकींनी प्रवासवर्णनं आणली. एकीने लोणच्याची कृती वाचली, सगळ्या हसल्या.

विमल जाधवने हिरव्या पुठ्ठ्याचं गोष्टींचं पुस्तक आणलं. कोकणातल्या कुणा प्राथमिक शिक्षकाने लिहिलंय, गेल्या वर्षी ग्रंथालयासाठी मीच निवडून घेतलं होतं. तिने पाणवठ्याची गोष्ट काढली. एक मुलगी सकाळपासून घागर घेऊन विहिरीपाशी बसलीय. विहिरीला शिवायचं नाही, म्हणून कुणी येऊन पाणी घालील याची वाट बघत. उन्हं डोक्यावर आल्यावर एक बाई येते, हात उंच करते आणि वरून ओतते. निम्मं मातीत.

विमल वाचताना आवाज चढवत नाही, उतरवत नाही. वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तास संपल्यावर सुनंदा तावडे मागे राहिली. "बाई, त्या विहिरीला अठरा पायऱ्या लिहिल्यात ना?" म्हटलं, असतील, का गं? दप्तर उचलून गेली.

चांगला तास झाला. असे वर्षात दोन-तीनच.

१७ जुलै, शुक्रवार

मधल्या सुट्टीत सुनंदाचे वडील आले. तावडे गिरणीत साचे खात्यात, मागावर आहेत, लालबागला राहतात, चळवळीतले. तीन वर्षांपूर्वी मोर्च्यात धरलं तेव्हा पोलिसांच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. कोठडीत त्यांनी आपल्या वाटचा चहा मला दिला. म्हणून मी आनंदाने उठले. ते बसले नाहीत.

"बाई, ते हिरवं पुस्तक शाळेतून काढा."

का म्हणून विचारलं.

"फूट पडते. आज कधी नव्हे तो मराठी माणूस एक झालाय. कोण कुठल्या जातीचा, कोणी विचारत नाही. आणि तुम्ही पोरींच्या हातात हे देता?"

"पूर्ण वाचलंत का?"

"दोन पानं वाचली. पुष्कळ झाली."

म्हटलं, त्यात खोटं काय आहे? तर म्हणाले, "आधी राज्य येऊ दे, मग पाण्याचं बघू."

ह्याच माणसाने मला आपला चहा दिला होता. दिवसभर तेच डोक्यात.

२० जुलै, सोमवार

लालबागच्या नाक्यावर तावड्यांच्या मंडळाचा फळा आहे. रोज चळवळीच्या बातम्या खडूने लिहितात, माणसं थांबून वाचतात. मीही वाचते. आज त्यावर: 'मराठी माणसांत फूट पाडणारी पुस्तकं आपल्या शाळेत! पालकांनो, जागे व्हा!' अक्षर सुंदर. खाली शाळेचं नाव.

मी वाचत उभी असताना शेजारचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "कोणती तरी भटीण आहे म्हणे, ती आणते असली पुस्तकं." मी भटीण नाही. पण ते सांगायला तोंड उघडणार होते याचीच नंतर लाज वाटली.

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. समोर तीन पत्रं, तिन्हींत तीच वाक्यं.

"बाई, काळ कसला आहे बघा. उद्या शे-दोनशे माणसं फाटकाशी आली तर मी काय करू?"

२२ जुलै, बुधवार

हे.मा. म्हणतात, नियम करा. नियम असला की आपल्यावर काही येत नाही. संध्याकाळपर्यंत बसून तीन नियम लिहिले. एक, हरकत लेखी हवी. दोन, हरकत घेणाऱ्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं हवं. तीन, निर्णय होईपर्यंत पुस्तक मुलींना मिळत राहील.

तिसरा हे.मा.ंनी लाल पेन्सिलीने खोडला. "हा राहू द्या."

राहू द्या म्हणजे ठेवू नका. हे मराठी मी मुलींना शिकवत नाही.

दुसऱ्या नियमाप्रमाणे पुस्तक तावड्यांकडे पाठवलं, सुनंदाच्या हाती, वर्तमानपत्रात गुंडाळून.

२३ जुलै

दाढ ठणकतेय. विमलने विचारलं, बाई, हिरवं पुस्तक कुणाकडे गेलंय? म्हटलं, वाचायला दिलंय एकांना. "मग नंतर माझा नंबर लावा. माझं अर्धं राहिलंय."

नाव लिहून घेतलं.

२६ जुलै, रविवार

तावडे घरी आले. गिरगावात, तीन जिने चढून, पुस्तक घेऊन. आई आत झोपलेली. ह्या वेळी बसले. बराच वेळ गॅलरीतल्या तुळशीकडे बघत राहिले. पूर्ण वाचलं म्हणाले. मी वाट बघत राहिले की आता पुन्हा फुटीचं भाषण होणार.

"ती बाव आमची, बाई."

बाव म्हणजे विहीर. एरवी माझ्याशी शहरातलं मराठी बोलतात, आज मालवणी सुटत होती.

"गावाचं नाव बदलल्यान मास्तरानं. पण अठरा पायऱ्या, वाकडो फणस, सगळा तसाच. आणि ती वरून ओततली ती... ती माझी आवस."

त्यांची आई. आता लालबागला त्यांच्याकडेच असते. सुनंदा त्या मंगळवारी घरी गेली आणि आजीला सरळ विचारलं, आजी, तू असं करायचीस? म्हातारी दोन दिवस जेवली नाही.

"तिका काय म्हणून सांगू? ती वाईट न्हय हो. सगळीच करत होती. मीपण बघत उभा असायचो, बारीक होतो." मग पुन्हा शहरातल्या मराठीत आले. "हे कुणाला सांगू नका. चाळीत कळलं तर मला फळ्यापुढे उभं राहता येणार नाही."

मी म्हटलं, मग हरकत मागे घ्या. हेच लोकांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

"तुम्ही सांगा की तुमच्या घरातलं." एवढंच म्हणाले. आमच्या घरी पेणला मागच्या दाराशी एक वेगळी वाटी असायची. मी ती कुणाला सांगितलेली नाही. इथेही आज पहिल्यांदाच लिहितेय.

कुणाला सांगणार नाही असा शब्द मागितला. दिला.

३० जुलै, गुरुवार

पुस्तकाच्या समितीची सभा. हे.मा., व्यवस्थापनातले डॉक्टर आणि मी. तावडे समोर खुर्चीवर, पांढरा सदरा, मुठी गुडघ्यांवर. बोलले तेव्हा छान बोलले. एकजूट, हुतात्मे, मराठी भाषेचं राज्य. घरची भानगड बाहेर कशाला. डॉक्टर माना डोलवत होते. त्यांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं; दुसरा नियम हरकत घेणाऱ्याला आहे, निकाल देणाऱ्याला नाही. ते लिहायचं राहिलं.

डॉक्टर: "बाई, तुमचं मत?"

तावडे माझ्याकडे बघत नव्हते. खरी गोष्ट सांगायची तर दिलेला शब्द मोडत होता. पण ती न सांगताही बोलता आलं असतं. पुस्तक चांगलं आहे, खरं आहे, मुलींनी वाचायला हवं, यात कुणाची आई कुठे येते? बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मुलींच्या वयाला थोडं जड आहे."

झालं. ठराव: पुस्तक नष्ट करू नये, सात नंबरच्या कपाटात ठेवावं, समितीच्या परवानगीवाचून कुणाला देऊ नये. तिघांच्या सह्या. सात नंबरच्या कपाटात फुटका पृथ्वीचा गोल आणि वाळवी लागलेल्या तसबिरी आहेत. किल्ली माझ्याकडे.

जाताना तावड्यांनी हात जोडले. मी खाली बघत कागद गोळा करत राहिले.

३१ जुलै, शुक्रवार

विमल आली. "बाई, माझा नंबर?"

सांगितलं. म्हणजे, ठराव सांगितला.

मग म्हणाली, "मी त्यातली तीन पानं वहीत उतरवून घेतलीत. आजीला वाचून दाखवायला. तीपण द्यायची का?"

चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. खरंच विचारत होती.

८ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटल्यावर विमलचे वडील आले. जाधव. नायगावला बी.डी.डी. चाळीत राहतात. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं कुटुंब. हेडमास्तरांना नव्हे, मलाच भेटायचं होतं. टोपी काढून हातात धरली, बाकावर बसले.

"बाई, मी चौथीपर्यंत शिकलो. वाद घालायला नाही आलो. त्या पुस्तकात खोटं काय आहे, तेवढं सांगा."

"खोटं काही नाही."

"मग?"

मी म्हटलं, सभेला वाटलं की आत्ताच्या वेळी...

ते वाट बघत राहिले. मग तेच बोलले, शांतपणे. "मी गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायला आहे. साचे खात्यात आम्हाला घेत नाहीत. तिथे मागावरच्या धोट्यात धागा तोंडाने ओढून भरावा लागतो ना, मग आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालणार. पगार तिथे जास्त. हे गावातलं नाही सांगत, बाई. इथलं, लालबागचं सांगतोय. मोर्च्याला मात्र आम्ही सगळे एका रांगेत. मीपण होतो. गोळीबाराच्या दिवशीसुद्धा."

तावडे साचे खात्यात. हे मला तीन वर्षं माहीत होतं. माहीत असून कधी ह्या बाजूने बघितलं नाही.

दाखला काढणार का, विचारलं. "नाही. शाळा तिची आहे. ती इथेच शिकणार." टोपी घातली. दारात वळून म्हणाले, "तुम्ही आणलेलं पुस्तक होतं ना ते? विमल सांगत होती. बाईंनी निवडून आणलं म्हणून."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर आज जेवले असते.

२७ ऑगस्ट, गुरुवार

अपेक्षितच होतं. एकदा दार उघडलं की. एका पालकाला एका नाटुकल्यात दारू आहे म्हणून हरकत. दुसऱ्यांना भूगोलाच्या नकाशात मुंबई भलत्या रंगात दाखवलीय म्हणून. तिसऱ्याला शरीरशास्त्राचं चित्र. हे.मा. म्हणाले, एकेक सभा कुठे घेत बसायची, तुम्हीच एकदा सगळी पुस्तकं चाळा आणि ज्यांच्यावर हरकत येऊ शकेल त्यांची यादी करा.

करतेय. माझ्याइतकी पुस्तकं कुणाला ठाऊक? कुठल्या पानावर काय आहे ते बोट ठेवून सांगीन. बारा वर्षं ज्या कौतुकाने घेतली त्याच कौतुकाने वेचतेय. काम नीटनेटकं.

२ सप्टेंबर

सात नंबर भरलं. गोल बाहेर काढून ठेवावा लागला.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर शाळा सुरू. वाचनाचा तास हे.मा.ंनी वेळापत्रकातून काढलाय, त्या जागी शुद्धलेखन. मुलींना आधीच कळलं होतं. कुणी का म्हणून विचारलं नाही. विमल आणि सुनंदा एका बाकावर बसायच्या, आता बसत नाहीत. कुणी कुणाला काय म्हटलं ठाऊक नाही. विमल शेवटच्या बाकावर, एकटी. शुद्धलेखनात दहापैकी दहा.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं.

११ फेब्रुवारी १९६०, गुरुवार

सगळीकडे एकच बोलणं: राज्य होणार, मुंबईसह. शिक्षकांच्या खोलीत पेढे. मला आनंद झाला. खरंच झाला, तो खोटा नाही. गाडीत घसा बसवला होता तो ह्याचसाठी. पण पेढा तोंडात असताना कुणीतरी म्हणालं, "आता मराठी पुस्तकांना सोन्याचे दिवस." मला ठसका लागला. लोकांना वाटलं, भरून आलं.

२ मे १९६०, सोमवार

काल राज्य झालं. परवा रात्रीपासून लालबाग-परळ नुसतं पेटलंय दिव्यांनी. काल सकाळी मुद्दाम गेले. नाक्यावर झेंडूची कमान, सनई. तावडे गुलालाने माखलेले, मला बघून गर्दीतून वाट काढत आले. हातावर पेढा ठेवला. डोळ्यांत पाणी.

"बाई, आलं बघा राज्य!"

"आलं." मग राहवलं नाही. "आता पाण्याचं बघायचं ना?"

त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. "आज नको, बाई. आज तरी नको."

बरोबर होतं त्यांचं. कालचा दिवस तो नव्हता. पण कुठला?

गर्दीच्या पलीकडे जाधव दिसले. तेही गुलालात. कुणाला तरी खांद्यावर घेऊन नाचत होते. मी हाक मारली नाही.

१३ जून, सोमवार

नवं वर्ष. विमल दहावीत. पहिल्याच दिवशी तिने हे.मा.ंना पत्र दिलं, साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. 'सदर पुस्तक वयाला जड असल्याचे कारण कळले. आता माझे वय एक वर्षाने वाढले आहे. तरी पुस्तक परत कपाटाबाहेर ठेवावे, ही विनंती.' खाली तिची आणि वडिलांची सही.

हे.मा. हसले. मग हसायचं थांबले, कारण पत्राला उत्तर द्यावं लागणार. सभा पुढच्या सोमवारी. ह्या वर्षीपासून समितीवर पालकांचा एक माणूस घेतलाय. तावडे.

माझा लेखी शेरा मागितलाय, शनिवारपर्यंत.

१५ जून, बुधवार

चार शेरे लिहिले. चारही फाडले. एकात सगळं खरं होतं, विहिरीसकट. एकात काहीच नव्हतं. मधले दोन त्याहून वाईट.

१७ जून, शुक्रवार

तावड्यांनी शब्दातून मोकळं करावं म्हणून त्यांच्या खोलीवर गेले. ते दुसऱ्या पाळीला, बायको नळावर. सुनंदाने दार उघडलं, मला बघून गोरीमोरी झाली. आत खाटेवर त्यांची आई. बारीक, पांढरं लुगडं, दातांत मिश्री. मी कोण ते सुनंदाने सांगितलं. म्हातारीने मला जवळ बसायची खूण केली.

मालवणीत बोलत होत्या, निम्मं मला कळलं नाही. एवढं नक्की कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. पुस्तक कुलुपात आहे हेही. आणि त्यांना राग पुस्तकाचा नाही. सुनंदाने विचारलेल्या नुसत्या एका प्रश्नावर त्यांनी वर्ष काढलंय. घरात कुणी पुढे बोललं नाही. मुलगा तर नाहीच.

"मास्तरानं काय लिवल्यान, ता माका कोण सांगणत नाय. माका वाचून दाखय गो, बाय."

पुढे म्हणाल्या,

"चेडवां दोन होती. धाकटां रडत रवायचां. तां लिवल्यान हा?"

मी म्हटलं, नाही आजी, पुस्तकात एकच मुलगी आहे.

मग म्हणाल्या की त्या धाकटीचं नाव त्यांना आठवत नाही, थोरलीचं आठवतं. सुनंदा दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून दाखवते म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही.

१८ जून, शनिवार

आज अर्धा दिवस शाळा. शेरा लिहिला. 'पुस्तक खरे आहे. गेल्या वर्षी मी दिलेले मत भीतीपोटी दिले होते. पुस्तक मुलींना द्यावे.' तावड्यांच्या घराचं त्यात काही नाही. शब्द मोडला नाही, असं मी म्हणू शकते. पण सभेत ते समोर असतील, आणि डॉक्टर विचारतीलच, बाई, भीती कसली? तेव्हा काय सांगणार, माहीत नाही. म्हातारीचं म्हणणं मुलाला सांगायचं की सभेला, की कुणालाच नाही?

शाळा सुटल्यावर सात नंबर उघडलं. पुस्तक होतं जागेवर, कड थोडी कुरतडलेली. समितीच्या परवानगीवाचून बाहेर काढायचं नाही. ठरावावर सही माझी. दहा मिनिटं तशीच हातात घेऊन उभी होते. शिपाई दारं लावत लावत आला. "बाई, निघता ना?"

हे.मा. जिन्यात भेटले, शेरा मागितला. म्हटलं, सोमवारी सकाळी देते.

पुस्तक माझ्या पिशवीत आहे. उद्या रविवार. तावडे घरी असतील.